इंग्लंडच्या मनोऱ्यांत धून का वाजत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी चर्चच्या घंटा ऐकल्या. एकामागून एक पडत राहतात, पण धून म्हणावी असे काही हाती लागत नाही. पुढे इटलीत वेरोनाला गेलो तर तिथे घंटांवर चक्क गाणे वाजत होते. दोन्हीकडे माणसेच दोर ओढतात म्हणे. मग हा फरक कशाचा? इंग्रजांना गाणे नको होते का? दोन्हींत अवघड कोणते? आणि आपल्याकडे असे काही आहे का?"

मी इंग्लंडमधल्या एका गावच्या मनोऱ्यात बरीच वर्षे घंटा वाजवते आहे आणि उत्तर इटलीतल्या वादकांच्या शेजारी उभे राहून त्यांचे कामही पाहिले आहे. या प्रश्नाला नेहमी मिळणारे उत्तर म्हणजे "इंग्रज हिशेबी, इटालियन गाणारे". ऐकायला बरे वाटते, पण त्याने काही उलगडत नाही. माझ्या मते फरक स्वभावाचा कमी आणि यंत्राचा जास्त आहे. घंटा वर पोचली की तिला तिथे किती वेळ थांबवायची, या एका गोष्टीचा निर्णय दोन ठिकाणी वेगवेगळा झाला. बाकीचे बरेचसे त्यातून आले.

आधी घंटा फिरते म्हणजे काय, ते सांगते. आपल्याला माहीत असलेली मोठी घंटा म्हणजे नाशिकची नारोशंकराची. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या अशा घंटा महाराष्ट्रातल्या किती तरी देवळांत आल्या. त्या टांगलेल्या असतात; घंटा जागच्या जागी आणि हलतो तो लोलक. इंग्लंडच्या मनोऱ्यात उलटा प्रकार. घंटा एका आडव्या ओंडक्याला पक्की जखडलेली, ओंडक्याच्या दोन्ही टोकांना बेअरिंग, आणि एका अंगाला मोठे लाकडी चाक. दोर त्या चाकाच्या कडेवरून जाऊन छतातल्या भोकांतून खालच्या खोलीत उतरतो. वाजवणारे त्या खोलीत गोल करून उभे राहतात. घंटा त्यांना दिसत नाही.

सुरुवातीला घंटा झुलवत झुलवत वर नेतात, इतकी की तिचे तोंड आकाशाकडे होते. तोल जिथे साधतो त्याच्या किंचित पलीकडे गेली की 'स्टे' नावाचा लाकडी दांडा तिला अडवतो आणि ती तशीच उभी राहते. हा स्टे मुद्दामच असा केलेला असतो की जास्त जोर आला तर तोच आधी मोडावा. बाकीची यंत्रणा वाचते. आता दोरावर हाताच्या उंचीला लोकरीची जाड, रंगीत पकड असते, तिला 'सॅली' म्हणतात. ती धरून हलकेच खाली ओढली की घंटा तोलावरून सुटते, खालून पूर्ण वळसा घेऊन दुसऱ्या बाजूने वर चढते, आणि तोंड पुन्हा आकाशाकडे होण्याच्या थोडे आधी लोलक तिच्या काठावर आदळतो. एक फेरी, एक ठोका. एवढ्या वेळात चाकाने दोर गुंडाळून घेतलेला असतो, सॅली छताकडे पळालेली असते आणि तुमचे दोन्ही हात दोराचे शेपूट धरून डोक्यावर ताणलेले असतात. मग ते शेपूट ओढायचे. घंटा उलट दिशेने फिरून मूळ जागी येते, दुसरा ठोका पडतो, सॅली खाली येते, ती झेलायची. पहिल्या ओढीला हँडस्ट्रोक म्हणतात, दुसरीला बॅकस्ट्रोक. नवशिक्याला आधी बॅकस्ट्रोक शिकवतात आणि सॅली शिक्षक सांभाळतो, कारण झेलताना चुकीच्या क्षणी मूठ आवळली तर दोर माणसाला सोबत वर घेऊन जाऊ शकतो.

यात ताकद फारशी लागत नाही. पाचशे किलोची घंटा बारा वर्षांची मुलगी तासभर सहज वाजवते, मी रोज बघते. लागतो तो अंदाज. घंटा म्हणजे झोकाच. झोक्यावर बसलेल्याला कितीही घाई असो, झोका आपल्या वेळेनेच येतो. घंटेला फेरी मारायला साधारण दोन सेकंद लागतात. ती तोलाच्या जवळ, अगदी वरपर्यंत जाऊ दिली तर जरा उशिरा परतते; थोडी अलीकडेच रोखली तर जरा लवकर. वाजवणाऱ्याच्या हातात एवढीच सूट आहे.

आता धुनेचा विचार करा. स्वर तर इंग्लंडमध्येही आहेत. आठ घंटांचा संच म्हणजे बिलावलचे पूर्ण सप्तक वरच्या षड्जासकट. सगळ्यांत लहान घंटा पहिली, तिला ट्रेबल म्हणतात. सगळ्यांत मोठी शेवटची, ती टेनर. त्या ओळीने वाजवल्या की वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंत अवरोह ऐकू येतो, त्याला राउंड्स म्हणतात, आणि प्रत्येक वादन त्यानेच सुरू होऊन त्यानेच संपते. पण साधी अंगाई वाजवायची म्हटली तरी एखादा स्वर लागोपाठ दोनदा येणार, एखादा चार मात्रा येणारच नाही. सतत फिरणाऱ्या घंटेला यातले काहीच जमत नाही. तिला प्रत्येक आवर्तनात एकदा वाजायचेच आहे, आणि एकदाच. राहता राहिली एकच मोकळीक: आवर्तनातली आपली जागा बदलणे. तीही एका वेळी एकाच घराने, कारण त्याहून जास्त घाई किंवा उशीर घंटेला झेपत नाही. इंग्लिश 'चेंज रिंगिंग' या दोन अटींतून जन्मले आहे.

चार घंटांचे उदाहरण बघा. सुरुवात १२३४. मग २१४३, २४१३, ४२३१, ४३२१, ३४१२, ३१४२, १३२४, आणि पुन्हा १२३४. प्रत्येक ओळीत एखादी घंटा फार तर एक घर पुढे किंवा मागे सरकली आहे. याला 'प्लेन हंट' म्हणतात. सगळे इथूनच शिकतात. यात चोवीसपैकी आठच क्रम आले. बाकीचे हवे असतील तर १३२४ नंतर घरी परतायच्या ऐवजी १३४२ घ्यायचे, मागच्या दोघींना जागा बदलायला लावायची आणि पुन्हा तीच नागमोडी वाट धरायची. असे तीनदा केले की चोवीसच्या चोवीस क्रम पुनरावृत्ती न होता पुरे होतात. एकही क्रम दुसऱ्यांदा येता कामा नये हा या खेळाचा मुख्य कायदा. आला तर सगळे वादन 'खोटे' ठरते, मग ते कानाला कितीही गोड लागलेले असो.

पाच घंटांचे १२० क्रम होतात, सहांचे ७२०, सातांचे ५,०४०, आठांचे ४०,३२०. हा ५,०४० आकडा संगीताचा अभ्यास केलेल्या मराठी वाचकाच्या ओळखीचा असेल. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या, सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात सात स्वरांचे इतकेच क्रम मोजले आहेत, आणि ते सगळे ओळीने मांडण्याची रीतही दिली आहे, तिला प्रस्तार म्हणतात. तीन स्वरांचा प्रस्तार असा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. इथे दुसऱ्यावरून तिसऱ्यावर येताना 'रे' पहिल्या घरातून थेट तिसऱ्यात उडी मारतो. गळ्याला त्याचे काहीच वाटत नाही. घंटेला ते अशक्य. म्हणून मनोऱ्यात तेच सहा क्रम १२३, २१३, २३१, ३२१, ३१२, १३२ असे लागतात. गणित दोघांचे एकच, पण मनोऱ्यातली मांडणी वजनाने ठरवली.

सतराव्या शतकात चाक पूर्ण गोल होत गेले आणि घंटेवर असा ताबा येऊ लागला, तेव्हा इंग्लंडमध्ये हे वेड पसरले. धर्माचा त्यात फारसा वाटा नव्हता. मनोऱ्यात जमणारे तरुण पैजा लावत, बिअर पीत, दुसऱ्या गावच्या चमूला हरवायला जात. लंडनची 'कॉलेज यूथ्स' ही मंडळी आपला जन्म १६३७चा सांगते. या विषयावरचे पहिले छापील पुस्तक १६६८मध्ये निघाले आणि १६७७मध्ये फेबियन स्टेडमनचे दुसरे. स्टेडमन हा पेशाने मुद्रक. त्याच्या नावाची पद्धत आम्ही आजही वाजवतो. २ मे १७१५ रोजी नॉर्विचच्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये सात घंटांचे ५,०४० क्रम पहिल्यांदा सलग आणि निर्दोष वाजले, असे तिथल्या फलकावर लिहिले आहे. वेळ लागला ३ तास १८ मिनिटे. अशा पाच हजारांच्या वादनाला 'पील' म्हणतात. आठ घंटांचे सगळे ४०,३२० क्रम १९६३मध्ये लफबरोच्या घंटांच्या कारखान्यात आठ जणांनी वाजवले. १७ तास ५८ मिनिटे, माणूस न बदलता. दोर हातातून सुटत नाही, तेव्हा जेवण, पाणी आणि बाकी सगळ्या गरजांचे काय, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. उत्तर: आधीपासून विचार करून ठेवावा लागतो.

कागद समोर ठेवून वाजवत नाहीत. प्रत्येकाला आपल्या घंटेची वाट पाठ असते, आकड्यांच्या ओळींतून वळत जाणारी एक रेघ. वाजवताना पुढे कोणाचा दोर खाली येतो आहे ते डोळ्यांनी टिपायचे आणि त्याच्या मागे जायचे. अधूनमधून प्रमुख 'बॉब!' किंवा 'सिंगल!' असे ओरडतो, तेव्हा काही घंटांची वाट बदलते. पद्धतींची नावेही मजेशीर: ग्रँडसायर ट्रिपल्स, केंब्रिज सरप्राइज मेजर. बाहेरच्याला घोड्यांच्या शर्यतीतली नावे वाटावीत.

आता वेरोना. तिथेही घंटा चाकावर, दोराने, पूर्ण फिरते; तोंड वर करून उभी राहते. इंग्लिश वादकाला तिथला दोर हातात दिला तर पहिल्या दोन-चार ओढींत त्याला घर सापडेल. पण तिथे घंटा वर पोचली की ती दोराने धरून ठेवतात, तिची पाळी येईपर्यंत. पाळी आली की सोडायची. ती एक फेरी घेते, एक ठोका देते, पुन्हा वर जाऊन उभी राहते. मधल्या वेळात ती गप्प. म्हणजे इंग्लंडमध्ये जे अशक्य होते, एखादा स्वर चार मात्रा न येणे, ते इथे आपोआप शक्य झाले. धून वाजवता आली. दोन-तीन घंटा एकदम सोडून एकत्र स्वरमेळ देता आला. आमच्याकडे दोन घंटा एकाच क्षणी पडल्या तर माना वर होतात आणि कोणाचे चुकले ते शोधले जाते.

वेरोनात ही रीत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. सान जॉर्जो इन ब्रायदा या चर्चच्या सुरात ओतवून घेतलेल्या घंटांपासून तिची सुरुवात सांगतात. वादकांच्या मधोमध किंवा कडेला एक जण उभा असतो, हातात आकड्यांचा कागद. तो घंटांचे आकडे एका लयीत पुकारत जातो आणि ज्याचा आकडा आला तो ओढतो. हे जवळून पाहण्यासारखे आहे. आकडा उच्चारला गेला, माणसाचे खांदे खाली आले, आणि आवाज अजून आलेलाच नाही. वर घंटा फिरते आहे. तोवर पुढचा आकडा पुकारून झालेला असतो, कधी त्याच्या पुढचाही. मोठी घंटा सुटायला आणि फिरायला जास्त वेळ घेते, म्हणून तिच्यावरचा माणूस लहान घंटेवाल्याच्या आधी हलतो, तरच दोघींचे ठोके एका मात्रेवर बसतात. नुसते डोळ्यांनी बघितले तर वाटेल की सगळे एकमेकांना सोडून वेडेवाकडे ओढताहेत. डोळे मिटले की धून सरळ चालली आहे.

अर्थात झोक्याचा नियम इथेही सुटत नाही. तीच घंटा लगेच परत हवी असेल तर ती फिरून वर येईपर्यंत थांबणे आलेच. म्हणून तिथल्या धुना संथ असतात, आणि लागोपाठ तोच स्वर येणार नाही अशा बेताने बांधलेल्या. कोणतेही लोकप्रिय गाणे उचलून घंटांवर बसवता येत नाही. बसवणाऱ्याला प्रत्येक घंटेचा परतीचा वेळ ठाऊक हवा.

आणि पुकारून वाजवणे इंग्लंडमध्येही आहे, हे बऱ्याच इंग्रजांनाही आठवत नाही. डेव्हन परगण्यात अजून जुनी रीत चालते. प्रमुख कोणत्या दोन घंटांनी जागा बदलायची ते मोठ्याने सांगतो, आणि पुढचा पुकारा होईपर्यंत सगळे तोच क्रम पुन्हा पुन्हा वाजवतात. पाठांतर शून्य, सगळे लक्ष ठोके समान अंतराने पडण्यावर. क्रमांच्या मागे लागलेले वादक डेव्हनवाल्यांना जरा खालच्या पायरीवर ठेवतात. मला ते मान्य नाही. कानाला जे सुख डेव्हनच्या चांगल्या चमूकडून मिळते ते पाच हजार क्रमांच्या कित्येक पीलांत मिळत नाही.

पण इंग्लंडचा खरा भाऊबंद इटलीत शोधायचा तर मी वेरोनाला न जाता बोलोन्याला जाईन. यंत्र बघितले तर हे उलटे वाटेल. वेरोनाची यंत्रणा आमच्या जवळची. बोलोन्यात वादक खाली उभे राहतच नाहीत, घंटांच्या सोबत वरच असतात, लाकडी सांगाड्यात, तुळयांवर पाय रोवून. घंटेला तोलून धरणारे प्रतिभार अजिबात नसतात, त्यामुळे ती जोरात फिरते. हाताने, दोराच्या लहान तुकड्याने, अंगाच्या जोराने तिला वर उचलायचे, उभी करायची, सोडायची, पकडायची. लहान घंटेला एक जण पुरतो, मोठीला अनेक. बोलोन्याच्या सान पिएत्रो कॅथीड्रलमध्ये 'ला नोन्ना', म्हणजे आजी, या नावाची सुमारे ३,३०० किलोंची घंटा आहे आणि तीही अशीच माणसांच्या अंगबळावर वाजते. लिव्हरपूल कॅथीड्रलची टेनर चार टनांच्या आसपास आहे, पण तिथे चाक आणि लांब दोर असल्याने एक-दोन माणसांत भागते.

मग भाऊबंद कसा? बोलोन्याचा संच बहुतेक चार घंटांचा. चार स्वरांत धून ती काय वाजणार! त्यांनीही क्रमच वाजवले. ठरलेल्या क्रमांचे तुकडे वादकांना तोंडपाठ असतात, कागद नसतो, आणि ठोके ठराविक अंतराने, काटेकोर पडले पाहिजेत ही जिद्द. सोळाव्या शतकात सान पेत्रोनियोच्या मनोऱ्यात ही कला सुरू झाली असे मानतात, म्हणजे इंग्लंडच्याही आधी. घंटा खालून वर नेणे आणि शेवटी पुन्हा खाली आणणे, हेही तिथे वादनाचाच भाग असते; त्यातही ठोके एकावर एक आदळू द्यायचे नाहीत. डेव्हनमध्येही स्पर्धेत नेमके हेच तपासतात. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना पाहिले नसताना हे जुळले. फक्त बोलोन्याने सगळे क्रम संपवण्याची हाव धरली नाही. ती हाव खास इंग्लिश, आणि इथे मात्र स्वभावाचा भाग आहे हे मी मान्य करते.

इटलीचे बाकीचे प्रकार थोडक्यात. मिलान आणि लोंबार्दीत आम्ब्रोसियन पद्धत: घंटेच्या ओंडक्यावर लोखंडी प्रतिभार आणि मोठे चाक, त्यामुळे घंटा फार हळू, डौलात फिरते. दूरवरून ऐकायला हा आवाज मला सगळ्यांत आवडतो. फ्रिउलीत घंटा न हलवता लोलकांना दोर बांधून हाताने वेगवान ठेके वाजवतात. शेजारच्या स्लोव्हेनियातही तसेच. लिग्युरियात लाकडी दांड्यांच्या कीबोर्डवरून. जागच्या जागी असलेल्या घंटांवर कोणतीही धून, कितीही वेगाने वाजवता येते. बेल्जियम आणि नेदरलंड्सचे कॅरिलॉन, म्हणजे कीबोर्डवरून वाजवायचा घंटांचा मोठा संच, याच तत्त्वावर चालते. पण पूर्ण फिरणाऱ्या घंटेचा दणका त्यात येत नाही. तिथे लोलक घंटेच्या वेगाने आदळतो, इथे फक्त हाताच्या.

अवघड काय, या प्रश्नाला एकच उत्तर देता येणार नाही. डोक्याला इंग्लिश पद्धत जड: तीन तास मनात रेघ धरून ठेवायची, एक क्षण विसरलात तर सात जणांचे काम वाया. अंगाला बोलोन्या जड, आणि धोकाही तिथे जास्त, कारण फिरणारी घंटा तुमच्यापासून हातभर अंतरावर असते. वेरोनात भार पुकारणाऱ्यावर आणि धून बसवणाऱ्यावर. दोर धरणाऱ्याला आपल्या घंटेचा उशीर नेमका कळला की बरेच निभावते. नवशिक्याने महिन्या-दोन महिन्यांत लोकांसमोर उभे राहावे अशी इच्छा असेल तर वेरोना बरे. इंग्लंडमध्ये नुसती घंटा एकट्याने हाताळता यायलाच तेवढा वेळ लागतो आणि 'प्लेन हंट' नीट यायला कधी कधी वर्ष.

ऐकणाऱ्याने काय करावे, हेही सांगते. इंग्लंडमध्ये धून शोधू नका. आधी सगळ्यांत मोठी घंटा कानांनी पकडा. बऱ्याच पद्धतींत ती शेवटच्या घरातच राहते आणि समेसारखी आवर्तन बंद करते. मग सगळ्यांत लहानीचा पाठलाग करा; ती पुढून मागे आणि मागून पुढे सरकताना स्पष्ट ऐकू येते. दर दोन आवर्तनांनंतर एका ठोक्याइतकी रिकामी जागा जाते, तिथे श्वास घ्या. क्रमाचे कोडे कळले नाही तरी ठोके समान पडताहेत का एवढे कळले की चांगला चमू कोणता ते ओळखता येते. रिमेंब्रन्स संडेला, म्हणजे युद्धांत मेलेल्यांच्या स्मरणाच्या नोव्हेंबरातल्या रविवारी, लोलकाच्या एका अंगाला चामड्याची गादी बांधतात. मग एक ओळ खणखणीत आणि दुसरी तिच्या प्रतिध्वनीसारखी, दबलेली. सप्टेंबर २०२२मध्ये राणी एलिझाबेथ गेल्या तेव्हा दोन्ही बाजू बांधल्या होत्या, फक्त टेनर एका ओढीला मोकळी. इटलीत ऐकायला जायचे तर सणाच्या आदल्या संध्याकाळी जा आणि गावच्या वादकांनी वाजवायचे ठरवले आहे का ते विचारून घ्या, कारण तिथल्या बहुतेक मनोऱ्यांत विसाव्या शतकात मोटरी बसल्या. बटण दाबले की घंटा हलते. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपासून ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत मात्र जाऊ नका. तेव्हा कॅथलिक घंटा वाजवतच नाहीत.

शेवटी आपल्याकडचे. पुण्यात गुरुवार पेठेत पंच हौद भागातले होली नेम चर्च बऱ्याच पुणेकरांना बाहेरून माहीत असते. त्याच्या मनोऱ्यात लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या आठ घंटा आहेत, आणि त्या इंग्लिश पद्धतीने, चाकावर, पूर्ण फिरण्यासाठी बसवलेल्या. पंच हौद मिशन म्हटले की आपल्याला आठवतो तो १८९०चा चहा, टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तापर्यंत नेणारा. वर आठ घंटांचे ४०,३२० क्रम बसवता येतील अशी यंत्रणा आहे, ही गोष्ट त्या चहाच्या मानाने कोणालाच ठाऊक नाही. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही टेलरच्याच आठ घंटा आहेत. कुठेही घंटा ऐकल्या तर त्या फिरताहेत की नुसता हातोडा किंवा लोलक लागतो आहे, हे ओळखायची एक खूण: फिरणाऱ्या घंटेचा आवाज दणदणीत येतो पण लवकर आवरतो, कारण ठोका दिल्यावर लोलक काठाला टेकून राहतो. जागच्या घंटेचा आवाज मऊ, आणि गुंजन बराच वेळ रेंगाळते.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कोणाला शिकायचे असेल तर जवळच्या मनोऱ्याची सरावाची संध्याकाळ विचारा, आठवड्यातून एकदा असते. फी नसते, ख्रिस्ती असण्याची, चर्चला जाण्याची अटही मला कोणी घातली नाही. जिना चढून वर गेलात आणि वादन चालू असेल तर दारातच थांबा, प्रमुख 'स्टँड!' म्हणेपर्यंत बोलू नका. आणि खोलीत कोणी नसताना लोंबणाऱ्या दोराला हात लावू नका. खालून बघून घंटा खाली आहे की तोंड वर करून उभी आहे ते कळत नाही. उभी असेल आणि तुम्ही ओढलात, तर अर्धा टन वजन फिरायला लागेल आणि ते थांबवायला तुम्हाला अजून शिकवलेले नसेल.